टेलिफोनपुढच्या फटी

५ जानेवारी २००४, सोमवार. सकाळी ९.४०

यंदा कंपनीची डायरी आली नाही, म्हणून वाण्याकडून वही आणली. कागद भिकार. शाई पलीकडे उमटते.

आधी वस्तुस्थिती. सप्टेंबरात मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घेतली; मला कोणी दिली नाही. बावीस वर्षं भोसरीला बेअरिंगच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली, एक मायक्रॉन इकडचा तिकडे होऊ दिला नाही. आता ते काम जपानी मशीन करतं आणि शेजारी एक पोरगा नुसता पडद्याकडे बघत बसतो. बसू दे. मशीन पहिल्यांदा अडेल तेव्हा कोणाची आठवण होते ते बघू. प्लँट हेड रामदासीसाहेब शेवटच्या दिवशी हात हातात घेऊन म्हणालेच होते की कन्सल्टंट म्हणून तुम्हालाच बोलावणार, फोन करतो. करतील. मोठा माणूस आहे, वेळ लागतो.

संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणे. कन्सल्टन्सीचं लेटरहेड छापून घेणे. दुपारी न झोपणे.

दुपारी ४.१५

डोळा लागला होता. फोन आला नाही. डायल टोन तपासला, आहे.

फोनपाशी बसलो असताना फरशीकडे लक्ष गेलं. टाईल्स पांढऱ्या आणि मधल्या फटी काळ्या. काळ्या म्हणजे गटारासारख्या काळ्या. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा त्या फटींत पांढरं ग्राउट भरलेलं मी स्वतः उभं राहून पाहिलंय. बायकोला, नम्रताला, हडपसरची सॉफ्टवेअर कंपनी जवळ पडावी म्हणून नारायण पेठ सोडून या मांजरीला आलो, तेव्हाच म्हटलं होतं की शहराबाहेर कामाची क्वालिटी राहत नाही. नम्रता म्हणाली होती की आता हेच शहर आहे. नम्रताचं गणित पक्कं आहे, भूगोल नाही.

६ जानेवारी, मंगळवार

पाहणी सुरू.

आमच्याकडे केर-फरशीला सुंदराबाई येतात. इथल्याच, मांजरी गावातल्या. सव्वादहाला येतात, पावणेअकराला जातात. आज खुर्चीत बसून संपूर्ण प्रक्रिया पाहिली. अख्ख्या घराला एक बादली. पहिल्या खोलीत पाणी पांढरट, दुसऱ्यात चहासारखं, शेवटी हॉलमध्ये येईपर्यंत जे काही उरतं त्याला पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान आहे. मी वेळा टिपत होतो. त्यांनी मला पाय वर घ्यायला सांगितलं. घेतले.

संशयित ठरला. आता पुरावा.

चालण्याबद्दल: बाहेर गेलो आणि नेमका फोन वाजला तर? म्हणून दसऱ्यापासून घालतो तशा येरझाऱ्या घरातच घालायचं ठरवलं. बाथरूम ते फोन, फोन ते बाल्कनी, परत. एकशेवीस फेऱ्या झाल्या की पुरे. रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरांची धूळही खावी लागत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

टाचांच्या भेगा वाढल्या. कारखान्यात सेफ्टी शूज असायचे, त्यामुळे कधी पडल्या नाहीत. दिवसभर अनवाणी राहिल्याने पडतात असं डॉक्टर म्हणाले. नम्रताने लगेच घरात घालायच्या रबरी चपला आणल्या. मी त्या गॅलरीत ठेवल्या. नारायण पेठेत आमच्या तीन पिढ्या राहिल्या, घरात पायात चपला घालून कोणी वावरलेलं नाही. ज्या घरात देव आहेत त्या घरात चपला नाहीत. हे मी नम्रताला सांगितलं. ती म्हणाली, अहो, निदान मोजे घाला. मोजेसुद्धा नाहीत.

कोकमाच्या तेलाचा नवा गोळा आणला, दिवाळीपासून तेच लावतोय. गोळा चमच्यात तापवून सकाळ, दुपार, संध्याकाळ टाचांत जिरवायचं. वर्षानुवर्षांचा उपाय. तेल लावून फेऱ्या मारल्या. बरं वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार

मोठं काम झालं. हॉलची फरशी आडवी सोळा, उभी बावीस टाईल्सची आहे. म्हणजे आयताच ग्राफ पेपर. प्रत्येक फट तपासून तिला अ, ब, क, ड अशी श्रेणी दिली. अ म्हणजे पांढरी, ड म्हणजे डांबर. गुडघ्यावर बसून तीन तास. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एवढी चिकाटी या आयटीवाल्या पोरांमध्ये दाखवा.

निष्कर्ष धक्कादायक. भिंतीकडेच्या फटी अ. सोफ्याखालच्या अ. पण बाथरूमच्या दारापासून फोनपर्यंत एक सरळ काळा पट्टा, तिथून बाल्कनीपर्यंत दुसरा. फोनच्या पुढच्या चार टाईल्स तर ड-पेक्षाही खाली. त्यांच्यासाठी ई श्रेणी नव्याने करावी लागली. अर्थ उघड आहे. सुंदराबाई बाथरूममधून बादली भरून निघतात, फोनपाशी फडकं पिळतात, बाल्कनीत जाऊन पाणी ओततात. गुन्हेगार आपल्या वाटेवर खुणा सोडतो म्हणतात ते खोटं नाही.

नकाशा स्वच्छ काढला, रंगीत पेन्सिलींनी. फोनच्या वर भिंतीला लावला.

१४ जानेवारी, बुधवार

खालच्या मजल्यावरचा योगेश वानखेडे आज सुट्टी होती म्हणून वर आला. अमरावतीचा. नवराबायको दोघं संगणकावर काम करतात. काय करतात ते त्यांनाही सांगता येत नाही. नकाशा बघून विचारतो, काका, काय मोजून राहिले? मी समजावलं. मग म्हणाला, आमच्या फटी तर पांढऱ्याच आहेत. मी खाली जाऊन पाहिल्या. पांढऱ्या आहेत. आणि त्यांच्याकडेही सुंदराबाईच पुसतात. त्याच दिवशी, आमच्यानंतर, तशाच एका बादलीत; किल्ली त्यांच्याकडेच असते.

हे थोडं अडचणीचं होतं. पण खोलात गेल्यावर उलगडलं. हे दोघं सकाळी आठला जातात, रात्री दहाला येतात. घर वापरतच नाहीत. न वापरलेली वस्तू नवी दिसणारच. शिवाय दोघं घरात चपला घालून फिरतात, म्हणजे स्वच्छतेची जाण किती ते दिसलंच. त्याला तसं म्हटलं नाही. पोरगा तसा वाईट नाही, चहा चांगला केला होता.

फोन नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज सुंदराबाईंना नकाशा दाखवला. शांतपणे, मुद्देसूद. एक: बादली एकच. दोन: पाणी बदलत नाही. तीन: फोनपाशी फडकं पिळता. बाईंनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे, मग माझ्या पायांकडे, मग परत नकाशाकडे. म्हणाल्या, पानी बदलत न्हाई ते खरं हाय, उद्यापासनं बदलीन. पर फोनपाशी म्या पिळत न्हाई. मी म्हटलं, मग कोण पिळतं? त्या फडकं झटकायला लागल्या. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. हे मी जरा मोठ्याने म्हटलं असेन.

त्यांनी फडकं बाल्कनीत वाळत टाकलं, बादली उलटी केली, आणि म्हणाल्या की बाईंना सांगा, म्या उद्यापासनं येणार न्हाई.

सत्य कटूच असतं. घरातला दोष एका दिवसात दूर झाला, ही गोष्ट कोणत्याही कन्सल्टंटला शोभणारी आहे.

रात्री ८.३०

नम्रता रागावली. फार नाही. म्हणाली की सुंदराबाई दोन वर्षांत एकदाही न सांगता राहिल्या नाहीत. मी नकाशाकडे बोट दाखवलं. ती नकाशा बघत राहिली. मग तिने डोळे पुसले. धूळ गेली असेल. म्हणाली, उद्यापासून फरशी कोण पुसणार? मी म्हटलं, मी. पद्धतशीर पुसली की काय होतं ते दोन आठवड्यांत दाखवतो.

२० जानेवारी, मंगळवार

पुसली. कंबर धरली. या कामात बुद्धीची गरज नाही, पण पाठीची आहे.

सुंदराबाई फिनेलचं एक झाकण टाकत. मी चार टाकली. घराला दवाखान्याचा वास. फडकं घट्ट पिळून घासलं. नंतर साध्या पाण्याने पुसायचं असतं असं डब्यावर लिहिलंय, पण मग फिनेलचा उपयोग काय राहिला? तेल लावून फेऱ्या मारल्या. पाय चिकटत होते. फिनेलचा परिणाम आहे, म्हणजे काम करतंय.

२४ जानेवारी, शनिवार

फटी आहेत तशाच. नव्हे, नवीन ठिकाणीही काळ्या. फिनेल भेसळीचं असावं. उदारीकरणानंतर बाजारात काहीही येतं. टीव्हीवर एक बाई एकदा पुसते आणि फरशीत तिचं तोंड दिसतं. मी पाच दिवस पुसतोय, मला माझं तोंड दिसलेलं नाही.

रामदासीसाहेबांच्या ऑफिसला मीच फोन केला. सहज, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. सेक्रेटरीने नाव दोनदा विचारलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, करतील म्हणाली. करणार आहेत.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी १२

संडासाच्या ॲसिडची बाटली. हे आधीच सुचायला हवं होतं. फोनपुढच्या चार टाईल्सच्या फटींत धार सोडली. फसफसलं, धूर आला, खोकला आला, आणि तारेच्या ब्रशने घासल्यावर फटी दुधासारख्या पांढऱ्या. अर्धा तास बघत उभा राहिलो. बावीस वर्षांत असं समाधान थोड्या वेळा मिळालं. सगळ्या पट्ट्यावर तोच प्रयोग केला. नम्रताला ऑफिसात फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अहो, मी मीटिंगमध्ये आहे. या शहरात सगळे मीटिंगमध्ये असतात.

१ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवसांत पूर्वीपेक्षा काळ्या. शिवाय बोट फिरवलं तर खाच लागते, आणि बोटाला वाळू येते.

नम्रताला आग्रह करून मार्केट यार्डाजवळच्या टाईल्सच्या दुकानात नेलं. दुकानदार काऊंटरवर केळं खात होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि केळं संपवून बोलला. ग्राउट म्हणजे सिमेंटच, साहेब. स्पंजासारखं असतं. वरून सीलर मारलं नाही तर जे पडेल ते पितं. फट टाईलपेक्षा खोल, म्हणून पुसायचं घाण पाणी तिथेच जाऊन बसतं. फिनेल जास्त झालं, वर साधं पाणी फिरवलं नाही, तर चिकट थर राहतो आणि धूळ धरतो. ॲसिडने सिमेंट खाल्लं जातं, पांढरं दिसलं ते वरचं साल गेलं म्हणून. आता आतला भाग उघडा पडला, तो दुप्पट पिणार. मी म्हटलं, मग फक्त एकाच पट्ट्यात का? त्याने विचारलं, तिथे कोणी तेलकट पायाने चालतं का? तेलाइतकं काळं काहीच करत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे असं कोणी नाही. नम्रता दुकानातले नळ बघायला लागली.

दुकानदारांचा हा जुना धंदा आहे, गिऱ्हाइकाच्या डोक्यात भलतंच भरवायचं आणि सीलर विकायचं. सीलर घेतलं नाही. रिक्षात नम्रताने माझा हात धरला होता. का ते कळलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११

तेल लावलं. फेऱ्या चालू होत्या. एक्केचाळिसाव्या फेरीला सहज मागे वळून पाहिलं. खिडकीतून ऊन तिरपं पडलं होतं आणि फरशीवर, बाथरूमपासून फोनपर्यंत, टाचांचे ठसे. चकचकीत. एकामागे एक. फोनच्या पुढे तर इतके की एकातून दुसरा वेगळा काढता येईना.

नकाशापुढे जाऊन उभा राहिलो.

सकाळी ११.४०

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. किमान तीस नमुने लागतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नमुने तीस झाले. पुढे मोजले नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

नम्रता म्हणाली, सुंदराबाईंना परत बोलवा. तुम्ही घालवलंत, तुम्हीच बोलवा. मी म्हटलं, जातो, पण माफी मागायला नव्हे, तांत्रिक चर्चेला. ती म्हणाली, काहीही म्हणा, पण जा.

मांजरी गावात देवळामागे त्यांचं घर. पत्र्याचं, पण पुढची शहाबादी फरशी पाय ठेवायला भीती वाटावी इतकी स्वच्छ. बाहेर चपला काढल्या आणि मग टाचा आठवल्या. उंबऱ्यातच बसलो. सुंदराबाई निळ्या शर्टात होत्या, खिशावर कुठल्याशा कंपनीचं नाव. एका आयटी पार्कात हाउसकीपिंगला लागल्या. तिथे दोन बादल्या असतात, एक साबणाची, एक साध्या पाण्याची, आणि दर खोलीला पाणी बदलायचं. तीन दिवस ट्रेनिंग दिलं. हे त्यांनी बढाई न मारता सांगितलं. परत येणं जमणार नाही म्हणाल्या, आता ड्यूटी असते.

मी चर्चा सुरू केली. फोनपुढचा पट्टा, संभाव्य कारणं, वगैरे. त्या मध्येच म्हणाल्या, सायेब, ते तुमच्या टाचंचं त्याल हाय. म्या रोज तिथं सोडा टाकून दोनदा पुसत हुते. मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? नकाशा समोर होता. त्या म्हणाल्या, बाईंनी दिवाळीआधीच सांगून ठिवलं हुतं, सायबाची नोकरी गेलीया, मनाला लागंल असं काय बोलू नका. मानूस घरात बसला की हळवा हुतो.

मी म्हटलं, गेली नाही, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांनी मान हलवली आणि चहा पुढे केला.

चहा प्यायला. सॉरी म्हटलं. मराठीत म्हणवलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

नम्रताला काही विचारलं नाही. तिनेही काही विचारलं नाही. दोघांनी पिठलं-भात खाल्ला. मी वाईट माणूस नाही, एवढं इथे लिहून ठेवतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा संकल्प. जुनं ग्राउट खरवडून काढायचं, नवं भरायचं, आणि हे काम एका प्रशिक्षित इन्स्पेक्टरच्या हातून होणार. दुकानदाराकडे एकटाच गेलो. ग्राउटची पिशवी, रबरी पट्टी आणि सीलर. तो हसला नाही, याबद्दल त्याला गुण. चोवीस तास त्यावर चालायचं नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २.३०

नम्रता ऑफिसला गेल्यावर सुरुवात केली. दोन दिवस खरवडण्यात गेले होते, आज भरलं. बाथरूमपासून फोनपर्यंत आणि फोनपासून बाल्कनीपर्यंत, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुंद पट्टा. शेवटची फट बेडरूमच्या दारात संपवली. पट्टी फिरवली, ओल्या स्पंजाने टाईल्स टिपल्या. सरळ, पांढऱ्या, एकसारख्या रेघा. कारखान्यातला कोणीही माणूस आणून दाखवा, पास करावं लागेल. कंबर मोडली आहे पण फार बरं वाटतंय. आता उद्या दुपारपर्यंत बेडरूममध्येच. दरवाज्यात बसून बघतोय.

संध्याकाळी ७.३०

चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

मी दारात, फोन पलीकडे, मध्ये ओलं ग्राउट. पहिल्या तीन रिंगा बसून ऐकल्या. ऑफिसची वेळ, सोमवार, चार वाजता मीटिंगा संपतात. पाचव्या रिंगेला उभा राहिलो. टाईलच्या मध्यावर पाय टाकत गेलं तर फटींना धक्का लागणार नाही असा हिशेब केला. सातव्या रिंगेला पळालो. टाईल एक फुटाची आणि माझा पाय अकरा इंचांचा. टाचा फटींतच पडल्या, प्रत्येक पावलाला, आणि नववी रिंग संपायच्या आत रिसीव्हर उचलला.

एक मुलगी होती. हिंदीत, मग मराठीत. बँकेतर्फे बोलतेय, क्रेडिट कार्ड देतोय, फुकट. मी ठेवणार होतो. पण तिने मला सर म्हटलं, दोनदा. म्हणाली, सर, फक्त दोन प्रश्न. कुठल्या कंपनीत आहात?

कन्सल्टंट आहे म्हणणार होतो. तोंडात आलं होतं. समोर भिंतीवर नकाशा होता, पायाखाली चिखल झालेल्या रेघा. मी म्हटलं, कुठल्याच नाही. माझी नोकरी गेली.

पलीकडे की-बोर्ड वाजला. मग म्हणाली, ठीक आहे सर, घरात दुसरं कोणी नोकरीला आहे का? मी म्हटलं, बायको आहे. सातला येते. ती म्हणाली, मग सातनंतर त्यांनाच फोन करते.

परत जायला जागा राहिली नव्हती, म्हणून खुर्चीत बसून राहिलो, पाय वर घेऊन. सात वाजता नम्रता आली. दारातच थांबली, फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुझा फोन येणार आहे.